शेतकरी आमदार (मोंटाना)

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात शेती किंवा रँच, म्हणजे गुरांचे मोठे कुरण, सांभाळून राज्याच्या विधिमंडळात बसणाऱ्या लोकप्रतिनिधींची जुनी परंपरा. आमदारकी हा तिथे पूर्णवेळ व्यवसाय नाही. विधिमंडळ दर दोन वर्षांनी, विषम सनाच्या जानेवारीत हेलेना या राजधानीत भरते आणि जास्तीत जास्त ९० दिवस चालते. १९७२च्या राज्यघटनेने दरवर्षी अधिवेशन घ्यायचे ठरवले होते, पण १९७४ साली मतदारांनीच ते बदलून पुन्हा दोन वर्षांवर आणले. प्रतिनिधिगृहात १०० आणि सिनेटमध्ये ५० सदस्य असतात. मानधन अधिवेशनाच्या दिवसांपुरते मिळते, त्यामुळे पोट आपापल्या धंद्यावरच भरावे लागते.

हे वेळापत्रक गहूवाल्यांना सोयीचे पडते. सप्टेंबरात पेरलेला हिवाळी गहू जानेवारीत बर्फाखाली निजलेला असतो आणि वसंतातल्या पेरणीची घाई सुरू होईपर्यंत अधिवेशन उरकत आलेले असते. गुरेवाल्यांचे तसे नाही. बहुतेक रँचवर गाई वितात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन अधिवेशनात. शून्याखाली वीस अंशांची रात्र असते. पहिलारू अडली, तर वासरू ओढून काढावे लागते. ते लगेच पुसून कोरडे केले नाही, तर कानांची टोके गारठून झडतात. पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक जायला हवा. आमदार सभागृहात असताना ही रात्रपाळी बायको, मुले नाहीतर शेजारी करतात. या प्रथेबद्दल लिहिताना त्यांना वगळणे अन्यायाचे ठरेल.

या परंपरेतले सर्वांत परिचित नाव जॉन टेस्टर. जन्म २१ ऑगस्ट १९५६, हॅवर येथे. बिग सँडी गावाजवळची त्यांची शेती आजोबांनी १९१० च्या दशकात वसवली. १९०९च्या कायद्याने कोरडवाहू भागात ३२० एकरांपर्यंत सरकारी जमीन कसायला मिळू लागली होती. १९१७ पासून दुष्काळ पडला आणि हजारो कुटुंबे उठून गेली. टेस्टर कुटुंब टिकले. पुढे ही शेती सुमारे १,८०० एकरांची झाली.

शेतीच्या जोडीला घरचा खाटीकखाना होता. नऊ वर्षांचे असताना मांस दळण्याच्या यंत्रात टेस्टर यांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटे गेली. तरी ते ट्रम्पेट शिकले, त्याच्या कळा उजव्या हाताने दाबतात. १९७८ साली संगीताची पदवी घेऊन त्यांनी गावातल्या शाळेत संगीत शिकवले, मग शेतीच धरली. १९८०च्या दशकात पत्नी शार्ला यांच्यासह त्यांनी सेंद्रिय शेती सुरू केली. गव्हाबरोबर मसूर, वाटाणा, बार्ली अशी पिके फिरवून घेऊ लागले. गावच्या शाळा मंडळावर ते अनेक वर्षे होते. सार्वजनिक कामाची सवय त्यांना तिथे लागली असे मला वाटते, कारण बजेटचा प्रत्येक डॉलर ओळखीच्या माणसांसमोर मांडावा लागतो तो अशा मंडळात.

१९९७ साली विधिमंडळाने वीजक्षेत्रावरील नियंत्रण उठवले. मोंटाना पॉवर कंपनीने धरणे आणि वीजकेंद्रे विकली, स्वतः दूरसंचारात उतरली आणि २००३ साली दिवाळखोरीत गेली. मधल्या काळात, २०००-०१च्या सुमारास, घाऊक विजेचे दर भडकले आणि ब्यूट शहरातली तांब्याची खाण बंद ठेवावी लागली. १९९७च्या या कायद्याच्या रागातून टेस्टर १९९८ साली राज्य सिनेटसाठी उभे राहिले आणि निवडून आले. २००५ साली डेमोक्रॅटिक पक्षाला सिनेटमध्ये बहुमत मिळाल्यावर ते अध्यक्ष झाले. त्याच अधिवेशनात वीज कंपन्यांनी २०१५ पर्यंत १५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून द्यावी, असा कायदा झाला. तो त्यांनीच मांडला होता. वाऱ्याच्या गावचा माणूस पवनऊर्जेचे विधेयक आणतो, यात मला मोठे औचित्य दिसते. २०२१ साली हा कायदा रद्द करण्यात आला.

१९९२च्या सार्वमताने एका सभागृहात १६ वर्षांच्या काळात ८ वर्षांहून अधिक राहता येत नाही. टेस्टर यांची मुदत संपत आली होती. २००६ साली ते संघराज्याच्या सिनेटसाठी लढले आणि तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर कॉनरड बर्न्स यांना अवघ्या ३,५६२ मतांनी हरवून वॉशिंग्टनला गेले. तिथेही शेती सोडली नाही. घरचे मांस बरोबर नेत आणि पेरणी-मळणीला ट्रॅक्टरवर बसायला परत येत. २०११च्या अन्नसुरक्षा कायद्यात, वर्षाला पाच लाख डॉलरपेक्षा कमी विक्री असलेल्या आणि माल मुख्यतः थेट जवळच्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना सवलत मिळाली, ती त्यांच्या दुरुस्तीमुळे. २०२४ साली रिपब्लिकन उमेदवार टिम शीही यांच्याकडून त्यांचा पराभव झाला.

अधिवेशनाच्या मध्यावर, एका सभागृहातून दुसऱ्याकडे विधेयके गेली की, काही दिवसांची सुट्टी मिळते. ती साधारण मार्चच्या सुरुवातीला येते. रँचवरचे आमदार तेव्हा गाड्या काढून थेट गोठा गाठतात.