नळीवरून गेलेली चाकं: वाहतूक धोरण तेलाला कसं बांधलं गेलं

रस्त्यावर आडवी ताणलेली काळी रबरी नळी आणि तिच्या टोकाला, कडेच्या खांबाला साखळीनं बांधलेली लोखंडी पेटी. वाहतूक मोजायचं हे जुनं साधन अगदी साधं आहे. चाक नळीवरून गेलं की आतली हवा दाबली जाते, तो झटका पेटीपर्यंत पोचतो आणि आकडा पुढे सरकतो. साठ माणसांनी भरलेली बस गेली तरी चाकांच्या दोन जोड्या, एकटा माणूस बसलेली मोटार गेली तरी दोनच. सायकलवाला पुष्कळदा निसटतो. पायी चालणारा नळी ओलांडून पलीकडे गेला, तर पेटीच्या लेखी तो रस्त्यावर आलाच नव्हता.

वाहतूक 'हरित' आणि 'स्मार्ट' करायची, तिला खनिज तेलातून सोडवायची, ही चर्चा बहुतेक वेळा इंजिनाशी सुरू होते आणि इंजिनाशीच संपते. वाहतुकीला लागणाऱ्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा आजही तेलातून येतो, तेव्हा इंजिनाकडे बोट जाणं साहजिकच आहे. पण मागे वळून पाहिलं की दिसतं, ही गाठ मारण्यात धोरणाच्या दोन कारकुनी निर्णयांचा हात इंजिनाइतकाच आहे: रस्त्यावर काय मोजायचं, आणि रस्त्यासाठी पैसा कुठून आणायचा.

सुरुवातीला तेलाचं पारडं जड नव्हतंच. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन मुलांसह मानहाइमहून फॉर्त्सहाइमला निघाली, तेव्हा इंधन संपल्यावर तिला वीसलोखच्या औषधाच्या दुकानात थांबावं लागलं. पेट्रोलपंप नावाची गोष्ट जन्मायची होती. त्याच वर्षी अमेरिकेत रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेगनं विजेच्या ट्रामचं मोठं जाळं चालवून दाखवलं. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार विजेवरची होती, कामीय झेनात्सीची. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींत वाफेच्या आणि विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा संख्येनं जास्त होत्या.

मग पारडं झपाट्यानं फिरलं. १९०१ साली टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपची विहीर फुटली आणि तेल स्वस्त झालं. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. १९१२ साली विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारताना मनगट मोडून घ्यायची भीती गेली. पेट्रोलच्या मोटारीला घरोघरी नेण्यात विजेच्या मोटरचाच हात लागला, ही गंमत सहसा सांगितली जात नाही.

इथवर तंत्रज्ञानाची चढाओढ होती. धोरण त्यात उतरलं १९१९ साली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवला आणि तो पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवला. कल्पना बिनतोड होती. जो रस्ता वापरतो तो पेट्रोल जाळतो, जो जाळतो तो भरतो, आणि वसुलीही सोपी. दहा वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी ती उचलली. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला तेव्हा याच तत्त्वावर महामार्ग निधी उभा राहिला. आता चक्र पूर्ण झालं: पेट्रोल जळलं की कर जमतो, कर जमला की रस्ता होतो, रस्ता झाला की आणखी पेट्रोल जळतं. त्या निधीतला ठरलेला वाटा सार्वजनिक वाहतुकीला मिळायला १९८२ साल उजाडलं.

नळीची मोजणी या चक्राला पुरावा पुरवत होती. आकडा दरवर्षी वाढतोय, म्हणजे वीस वर्षांनी इतका होणार, म्हणून आत्ताच तेवढा रुंद रस्ता बांधा. रस्ता झाला की मोटारी येतच, आणि अंदाज बरोबर ठरल्याचं समाधान मिळे. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच लिहून ठेवलं होतं, की गर्दीच्या वेळचा शहरी महामार्ग कितीही वाढवला तरी तो पुन्हा भरतो. बाहेरच्या रस्त्यांवरचे, वेगळ्या वेळी जाणारे, रेल्वेनं जाणारे असे सगळे तिकडे वळतात. ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीनं नवे रस्ते नवी वाहतूक ओढून आणतात हे अधिकृतपणे मान्य केलं, ते १९९४ साली. डाउन्स यांनी लिहिलं त्याच्याही आधी लंडनपासून पॅरिसपर्यंत ट्रामचे रूळ उखडले जाऊन ते डांबराखाली गेले होते. ट्राम रस्ता अडवते अशी तक्रार होती. कोणाचा रस्ता, हा प्रश्न पेटीला विचारायची सोय नव्हती.

आणि मग १९७३ चा ऑक्टोबर आला.

अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातीवर बंदी घातली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. धोरणाच्या दृष्टीनं ही या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची दोन-तीन वर्षं. सगळ्या देशांना धक्का एकच बसला, पण उत्तरं निरनिराळी निघाली, आणि ज्याचं जसं उत्तर तसा त्याचा पुढचा अर्धशतकाचा रस्ता ठरला.

नेदरलँड्सवर बंदीचा थेट रोख होता. ४ नोव्हेंबर १९७३ पासून तिथे रविवारी खासगी मोटारी बंद झाल्या. रिकाम्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले, मुलं रोलर स्केट्स घालून फिरली. हे दृश्य नुसतं हौसेचं नव्हतं. १९७१ साली त्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसं मेली होती, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती, आणि मुलांचे बळी थांबवा म्हणणारं पालकांचं आंदोलन आधीच पेटलेलं होतं. तेलाची टंचाई आणि मुलांचे मृत्यू या दोन रागांची तिथे सांगड बसली, आणि त्यातून सायकलमार्गांना पैसा मिळू लागला. हॉलंड सपाट आहे म्हणून तिथे सायकली चालतात, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की पन्नास-साठच्या दशकांतही हॉलंड तेवढंच सपाट होतं, आणि तिथला सायकलींचा वापर तेव्हा घसरत होता.

फ्रान्समध्ये अतिवेगवान रेल्वेचा पहिला नमुना गॅस टर्बाइनवर धावत होता. तेल महागताच अभियंत्यांनी आराखडा बदलला, आणि १९८१ साली पॅरिस-ल्योन मार्गावर जी टीजीव्ही सुरू झाली ती संपूर्ण विजेवर चालणारी.

ब्राझीलनं १९७५ साली उसाच्या मळीकडे आणि रसाकडे मोर्चा वळवला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी बहुसंख्य निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. पुढे तेल उतरलं, साखरेचा भाव चढला, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला, आणि दशक संपता संपता पंपांवर इथेनॉल मिळेना. एका इंधनाची वेसण सोडवून दुसऱ्याची घालून घेतली, असा तो अनुभव. दोन्ही इंधनं कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या मोटारी २००३ साली आल्या, तेव्हा कुठे ग्राहकाचा विश्वास परतला.

अमेरिकेनं १९७५ साली मोटारींच्या सरासरी मायलेजचं बंधन आणलं, दहा वर्षांत ते गॅलनमागे २७.५ मैलांपर्यंत न्यायचं होतं. नियम कामी आला. फक्त 'हलके ट्रक' या वर्गाला वेगळं, सैल माप ठेवलं गेलं, कारण शेतकरी आणि कारागीर ते कामासाठी वापरतात. कंपन्यांनी ती फट हेरली आणि ट्रकच्या सांगाड्यावर कौटुंबिक गाडी बसवली. तीच एसयूव्ही. १९७५ च्या सुमारास विक्रीत पाचवा हिस्सा असलेला हा वर्ग पुढे निम्म्यावर गेला. कायद्यातल्या एका व्याख्येनं जगभरच्या रस्त्यांवरचं चित्र पालटलं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

याच धक्क्यातून आणखी एक बीज पडलं. एक्झॉन या तेल कंपनीनं तेलाला पर्याय शोधायला संशोधक नेमले, आणि त्यांतल्या स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी घडवली. तेल उतरल्यावर कंपनीनं ते काम सोडून दिलं. पुढे सोनीनं १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये व्हिटिंगहॅम यांचं नाव होतं.

धोरणाची मोजपट्टी बदलण्याचे प्रयत्न मात्र वेगळ्याच गावांत झाले. रस्त्यावरची जागा ही फुकट वाटली जाणारी मौल्यवान वस्तू आहे, गर्दीच्या वेळी तिचं भाडं घ्या, असं अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री पन्नासच्या दशकापासून सांगत होते. ते पहिल्यांदा करून दाखवलं सिंगापूरनं, जून १९७५ मध्ये. काचेला कागदी परवाना चिकटवायचा, शहराच्या गाभ्याभोवतीच्या कमानींखाली उभे असलेले कर्मचारी तो डोळ्यांनी तपासणार. संगणक नाही, कॅमेरा नाही. आणि मोटारीत चार किंवा अधिक माणसं असतील तर शुल्क माफ. माझ्या मते खरी क्रांती या शेवटच्या कलमात होती, कारण इथे धोरणानं चाकं सोडून डोकी मोजली.

त्याच सुमारास ब्राझीलच्या कुरिचिबा शहरात महापौर जाइमे लेर्नेर यांनी १९७४ साली बसला रस्त्याच्या मधोमध स्वतःची मार्गिका दिली. १९९१ साली त्यांनी काचेच्या नळीसारखे थांबे उभारले. तिकीट आत शिरतानाच काढायचं, थांब्याचा ओटा बसच्या जमिनीला समतल, बस लागली की एकदम सगळी दारं उघडणार. पायऱ्या चढणं आणि सुट्टे पैसे मोजणं यांत जाणारी मिनिटं वाचली आणि बस मेट्रोसारखी वागू लागली. बोगोटानं २००० साली हीच पद्धत आणखी मोठ्या प्रमाणावर नेली.

स्टॉकहोमची गोष्ट राजकारण्यांनी जास्त वाचायला हवी. २००६ साली जानेवारी ते जुलै तिथे गर्दीशुल्काचा प्रयोग झाला. आधी बहुमत विरोधात होतं. शुल्क लागताच शुल्कक्षेत्राच्या सीमेवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्यानं घटली, प्रयोग थांबला तशी बरीचशी परतली, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहरानं शुल्काच्या बाजूनं कौल दिला. लोकांनी ते आधी अनुभवलं आणि मग मत दिलं. उलट फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनकर वाढवायचं ठरलं तेव्हा ज्यांच्या दारात बस येत नाही असे लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आले, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. हरित कर पर्यायाच्या आधी येऊन पोचला की तो नुसता कर उरतो.

विजेच्या मोटारीचं पुनरागमनही सरळ झालं नाही. धुरक्यानं गांजलेल्या कॅलिफोर्नियानं १९९० साली ठरवलं, की मोठ्या कंपन्यांनी १९९८ पर्यंत २ टक्के आणि २००३ पर्यंत १० टक्के गाड्या शून्य-उत्सर्जनाच्या विकाव्यात. १९९६ साली नियम सैल झाला. जनरल मोटर्सनं भाड्यानं दिलेल्या विजेच्या ईव्ही-वन गाड्या पुढे परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. युरोप वेगळ्या खड्ड्यात पडला. तिथे फक्त कार्बन मोजला गेला, आणि डिझेल किलोमीटरमागे कार्बन कमी सोडतं म्हणून डिझेलच्या गाड्यांना करसवलती मिळाल्या. नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी हवेत गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगननं चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअर गाड्यांत बसवल्याचं उघड झालं, तेव्हा त्या सवलतींची किंमत सगळ्यांना कळली.

नॉर्वेत १९८९ साली आ-हा बँडचा गायक मॉर्टेन हार्केट आणि पर्यावरण कार्यकर्ता फ्रेडरिक हाउगे विजेवर चालणारी छोटी फियाट पांडा घेऊन टोल न भरता पुढे जाऊ लागले. गाडी जप्त झाली, लिलाव झाला, त्यांनी ती परत घेतली आणि पुन्हा तेच केलं. पुढे खरेदीकर माफ झाला, १९९७ पासून टोल, २००१ पासून मूल्यवर्धित कर. पंचवीस-तीस वर्षं न डगमगता राबवल्यावर २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. वीज जवळजवळ सगळी पाण्यापासून तयार होते, आणि सवलतींना लागणारा पैसा बऱ्याच अंशी तेल विकून येतो, हेही खरं. चीनमधल्या शेंझेननं २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. एका बसमागे किती माणसं विजेवर गेली याचा हिशेब केला तर हे काम जास्त मोलाचं ठरावं, पण मथळे मोटारींनाच मिळतात.

'स्मार्ट' या शब्दाबद्दल दोनच वाक्यं पुरेत. हाँगकाँगचं प्रवासभाडं भरायचं ऑक्टोपस कार्ड १९९७ पासून मुकाट्यानं चाललं आहे, आणि सगळी वाहतूक एका ॲपमध्ये आणायला निघालेली हेलसिंकीची कंपनी २०२४ साली दिवाळखोरीत गेली.

विमानं आणि जहाजं या सगळ्यातून बाहेरच राहिली. १९४४ च्या शिकागो करारानं येणाऱ्या विमानाच्या टाकीतल्या इंधनाला करातून सूट दिली, पुढच्या द्विपक्षीय करारांनी ती पसरवली, आणि १९९७ च्या हवामानबदलाविषयीच्या क्योटो करारानं आंतरराष्ट्रीय विमानं-जहाजांचा धूर देशांच्या खात्यात न धरता संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांकडे सोपवला. मोजलंच नाही, तर कमी कशाला करायचं?

आता तेलापासून सुटका होऊ लागली तसा जुना कर गळू लागला आहे. बॅटरीची गाडी पंपावर थांबत नाही. नॉर्वेनं २०२३ पासून महागड्या विद्युत मोटारींवर पुन्हा काही मूल्यवर्धित कर बसवला. न्यूझीलंड आणि आइसलँड यांनी २०२४ साली विजेच्या मोटारींना किलोमीटरमागे शुल्क लावलं. त्याआधी, १ जुलै २०१५ रोजी, एका सरकारनं स्वेच्छेनं नाव नोंदवणाऱ्या वाहनधारकांकडून पेट्रोलऐवजी चाललेल्या मैलांवर कर घ्यायला सुरुवात केली होती. ते सरकार ओरेगनचं होतं. गाडीत बसवलेलं छोटं यंत्र मैल मोजतं. गाडीत किती माणसं होती, हे तेही मोजत नाही.