आवड बदलते तेव्हा आणखी काय बदललेलं असतं?

गाण्यांची आवड ही आपण अगदी खासगी गोष्ट मानतो. शाळेत असताना कानठळ्या बसवणारं मेटल ऐकणारा माणूस चाळिशीत जॅझ लावून बसतो आणि त्याचं श्रेय स्वतःच्या वाढलेल्या समजेला देतो. समज वाढत असेलही. पण एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याची सोय मुळात फार जुनी नाही, आणि ती ज्यांनी केली त्यांना गाण्यापेक्षा गिऱ्हाइकाची काळजी जास्त होती.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याआधी कुणी समोर बसून गायलं-वाजवलं तरच संगीत कानावर पडायचं, म्हणजे आसपास जे असेल तेच. ध्वनिमुद्रणामुळे दूरचं संगीत घरात आलं, आणि तेच गाणं, तसंच्या तसं, हवं तितक्या वेळा ऐकता येऊ लागलं. आवडीच्या दृष्टीनं हे दुसरं जास्त महत्त्वाचं. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. गाण्याच्या बाबतीत मात्र ही चढण एका टप्प्यापर्यंतच असते. पुढे तेच गाणं नकोसं होतं. साधं लवकर, गुंतागुंतीचं जरा उशिरा. नव्या प्रकाराकडे वळण्यामागे कितीदा तरी एवढंच असतं, कान विटलेला असतो.

हे 'प्रकार' तरी कुणी पाडले? अमेरिकेत १९२० मध्ये मॅमी स्मिथ यांची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी जोरदार खपली आणि कृष्णवर्णीय समाजही मोठा ग्राहक आहे हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि दक्षिणेतल्या ग्रामीण गोऱ्यांसाठी 'हिलबिली' अशा वेगवेगळ्या मालिका निघाल्या. वादक एकमेकांच्या चाली बिनदिक्कत उचलत होते. वेगळं होतं ते गिऱ्हाईक. १९४९ मध्ये संगीतव्यवसायाच्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं आपल्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीचं 'रेस' हे नाव टाकून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव घेतलं. पाटी बदलली, भिंत तशीच राहिली. 'मला सगळं चालतं, फक्त तो एक प्रकार सोडून,' असं कुणी म्हणालं की मला ही भिंत आठवते. त्या वाक्यात कानाइतकाच, तो प्रकार ऐकणाऱ्या माणसांविषयीचा ग्रहही बोलत असतो.

१९९१ मध्ये या भिंतींची एक गंमत झाली. तोवर 'बिलबोर्ड'ची अल्बमची यादी दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजांवर ठरायची. त्या मे महिन्यापासून बारकोडवर नोंदली गेलेली खरी विक्री मोजली जाऊ लागली. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर होता. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स यांचा कंट्री, म्हणजे जुन्या 'हिलबिली'च्या परंपरेतला, अल्बम यादीत आला तोच थेट पहिल्या जागी. लोकांची आवड काही चार महिन्यांत पालटली नव्हती. मोजपट्टी पालटली होती.

वयाचा भाग अर्थात आहेच. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या लोकांना जुनी-नवी गाणी ऐकवली, तेव्हा आपण साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना गाजलेल्या गाण्यांना सर्वाधिक पसंती मिळाली. २०१३ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यात आक्रमक, गोंगाटी संगीताची ओढ किशोरवयानंतर ओसरताना दिसली आणि जॅझ, शास्त्रीय यांसारख्या संगीताची पसंती वयाबरोबर वाढताना. म्हणजे आपला चाळिशीतला जॅझवाला वाटतो तितका एकमेवाद्वितीय नाही.

प्रतिष्ठेचाही भाग आहे. आवड माणसाचा सामाजिक वर्ग दाखवते असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ मध्ये मांडलं. पुढे नव्वदच्या दशकात समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांना अमेरिकेत वरच्या वर्गातले लोक उलट 'सर्वभक्षी' होताना दिसले. सगळं ऐकतो असं सांगणं हीच नवी ऐट!

१९७९ च्या जुलैमध्येच सोनीचा वॉकमन बाजारात आला. घरातला रेकॉर्ड प्लेअर सगळ्यांना ऐकू जायचा, त्यामुळे आवडीला साक्षीदार असत. हेडफोननं ते हटवले. मित्रांसमोर ज्याची टर उडवायची तेच रात्री गुपचूप ऐकता येऊ लागलं.

स्ट्रीमिंगनं साक्षीदार परत आणला, फक्त तो आता यंत्र आहे. एका सेवेनं २०१५ मध्ये दर सोमवारी ३० गाण्यांची खास आपल्यासाठी निवडलेली यादी द्यायला सुरुवात केली. आपण काय ऐकलं आणि ती गाणी इतरांच्या याद्यांमध्ये कशाशेजारी असतात, हे पाहून ती बनते. यंत्राला फक्त वाजलेलं कळतं. कोण ऐकत होतं, ते कळत नाही. त्याच खात्यावर महिनाभर बाळाला झोपवणारी अंगाईगीतं लावली, तर त्याच्या हिशेबी आपली आवड बदललेलीच असते.