पपई, जिना आणि सुनेवरचा दोष

गर्भ पडला की घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस? पपई? जिना किती वेळा चढलीस?" ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे आणि ती चुकीची आहे.

पहिल्या १२ आठवड्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच (पेशीतल्या आनुवंशिक धाग्यांतच) दोष असतो. तो बहुतेकदा गर्भ राहतानाच ठरून गेलेला असतो. पिकलेल्या पपईच्या फोडीने किंवा घरकामाने तो येत नाही. वयाचा वाटा मात्र मोठा. विशीत साधारण दहांत एक गर्भधारणा अशी संपते, चाळिशीनंतर तिनांत एक किंवा त्याहून जास्त. नवऱ्याचं वाढतं वयही मोजावं लागतं, हे कुणी बोलत नाही.

आटोक्यात नसलेला मधुमेह, थायरॉईड, तंबाखू (मिश्री म्हणजेही तंबाखूच) यांनी धोका वाढतो. जागेनुसारही तो बदलतो: गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया, विदर्भाच्या आदिवासी भागांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार). बीडहून ऊसतोडीला गेलेली बाई पोटुशी असूनही उसाच्या मोळ्या वाहते. असे दिवसभराचे अवजड कष्ट खरोखर घातक ठरू शकतात. त्यांची गल्लत जिन्याच्या चार पायऱ्यांशी करू नका. त्या बाईला उपदेश नको, भरपगारी विश्रांती हवी.

जागेचा हा फरक पुढच्या महिन्यांतही दिसतो: गर्भारपणाच्या २८ आठवड्यांनंतर जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं मृत जन्मतात. त्यांतली चारांत तीन सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात.

दोनदा गर्भ पडला असेल तर तपासणी नवराबायको दोघांची करून घ्या.