पायाच्या धमनीचा बायपास : ग्राफ्टची निवड

मांडीतली किंवा पोटरीतली धमनी चरबी व कॅल्शियमच्या थरांनी बंद झाली की जांघेतल्या चालू धमनीपासून अडथळ्याच्या खालच्या धमनीपर्यंत रक्ताला नवी वाट करून देतात. त्यासाठी जोडलेली नळी म्हणजे ग्राफ्ट. ही नळी रुग्णाचीच शीर असते, नाहीतर पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा डेक्रॉनची (टेरिलीनच्या कापडातल्या पॉलिएस्टरची) कृत्रिम नळी. मृत दात्याची गोठवून जपलेली रक्तवाहिनी क्वचितच लावतात. बायपास गुडघ्याच्या जितका खाली जातो, तितकी स्वतःची शीर सरस ठरते आणि कृत्रिम नळी लवकर बंद पडते.

पॅरिसमध्ये रने लरीश यांचे सहकारी ज्याँ कुनलँ यांनी 1948 च्या जूनमध्ये पायाची सॅफिनस शीर वापरून असा बायपास पहिल्यांदा केला. ही शीर घोट्याच्या आतल्या बाजूपासून जांघेपर्यंत कातडीखालून जाते. ती काढली तरी खोलवरच्या शिरा पायातले रक्त वर नेतात. शिरेतल्या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात, म्हणून कुनलँ यांनी ती वरचे टोक खाली येईल अशी उलटी करून जोडली. दुसऱ्या पद्धतीत शीर जागेवरच ठेवतात आणि आत बारीक कटर घालून झडपा कापतात. या पद्धतीत वरचे रुंद टोक मांडीच्या जाड धमनीला आणि खालचे निमुळते टोक पोटरीच्या बारीक धमनीला आपोआप जुळते. अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींचे निकाल साधारण सारखेच येतात.

1986 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांपर्यंत नेलेल्या बायपासांपैकी चार वर्षांनी शिरेचे 49 टक्के चालू होते, पीटीएफईचे फक्त 12 टक्के. शिरेच्या आतल्या जिवंत पेशी गुठळी होऊ देत नाहीत. कृत्रिम नळीत असे अस्तर जोडांच्या आसपासच थोडेफार तयार होते, मधला भाग उघडाच राहतो. त्यात पोटरीत रक्ताचा प्रवाह मंद असतो आणि खालच्या जोडापाशी पेशी वाढून तोंड अरुंद होते. पुरेशी लांब शीर नसेलच, तर कृत्रिम नळीच्या त्या जोडात शिरेची छोटी पट्टी घालतात. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध आत चिकटवलेली पीटीएफई नळीही मिळते, आणि साध्या नळीपेक्षा ती जास्त टिकल्याचे स्कँडिनेव्हियातल्या एका चाचणीत दिसले आहे.

म्हणून खरे काम शीर शोधण्याचे आहे. शस्त्रक्रियेआधी डुप्लेक्स सोनोग्राफीने (रक्ताचा प्रवाहही दाखवणाऱ्या) शिरेचा मार्ग कातडीवर पेनने आखून घेतात. पाय गार असेल किंवा रुग्ण आडवा असेल, तर शीर आहे त्यापेक्षा बारीक दिसते. सर्वसाधारणपणे 3 मिमी व्यास पुरेसा मानतात. 2 मिमीच्या खालची किंवा भिंत जाड झालेली शीर टाळतात. एका पायात शीर नसली की दुसऱ्या पायात बघतात, मग पोटरीमागची छोटी सॅफिनस, मग हाताच्या शिरा, आणि गरज पडल्यास दोन तुकडे जोडून लांबी पुरवतात. पहिली शीर नापसंत होताच कृत्रिम नळीकडे वळण्याची घाई शस्त्रक्रियेचा तासभर वाचवते, पण त्याची किंमत पुढे पायाला मोजावी लागू शकते. अनेकांची सॅफिनस हृदयाच्या बायपासमध्ये आधीच गेलेली असते, आणि कोपराजवळच्या शिरा सलाइनच्या सुयांनी खराब झालेल्या असतात. पुढे पायाचा बायपास लागू शकेल अशा मधुमेही रुग्णाच्या एका हाताच्या शिरा सुईपासून राखून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. काढलेली शीर तपासताना सिरिंजने जोरात फुगवली, तर आतले अस्तर फाटते. चांगली शीरही अशाने वाया जाते.

गुडघ्याच्या वरच्या बायपासाबाबत मतभेद आहेत. तिथे पीटीएफई आणि डेक्रॉन जवळपास सारखेच टिकतात. पहिल्यांदा कृत्रिम नळी लावावी आणि शीर पुढच्या खेपेसाठी ठेवावी, असे काही सर्जन म्हणतात. हा युक्तिवाद मात्र कमकुवत आहे. कृत्रिम नळी अचानक बंद पडते तेव्हा खालच्या धमन्यांतही गुठळ्या जातात, आणि मग राखलेली शीर जोडायला जागाच उरत नाही. पोटातल्या महाधमनीपासून जांघेपर्यंतच्या बायपासात चित्र उलटे आहे : नळी रुंद, प्रवाह जोरदार, आणि डेक्रॉन वर्षानुवर्षे चालते.

कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग झाला, तर तो सहसा प्रतिजैविकांनी आटोक्यात येत नाही. नळी काढावीच लागते. गँगरीनची उघडी जखम असलेल्या पायात शीर लावण्याचे हे आणखी एक कारण.

रक्तपुरवठ्याअभावी पाय धोक्यात आलेल्या रुग्णांवरच्या 2022 च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत चांगली सॅफिनस असलेल्या रुग्णांपैकी बायपास केलेल्यांत पाय कापणे, मोठी फेरशस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे प्रमाण 42.6 टक्के होते, अँजिओप्लास्टीच्या वाटेने गेलेल्यांत 57.4 टक्के. तशी शीर नसलेल्यांत ठळक फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या बेसिल-2 चाचणीचा कौल मात्र अँजिओप्लास्टीकडे झुकला. तिथले रुग्ण निराळे होते.

विडी-सिगारेटशी जोडलेल्या बर्गर रोगात पावलाजवळच्या धमन्याच बंद असतात. अनेकदा कातडीखालच्या शिरांनाही सूज येऊन गेलेली असते, त्यामुळे ग्राफ्ट कशाचा हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून वाढवून नंतर त्या पेशी धुऊन काढलेल्या नळीला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये परवानगी मिळाली. ती फक्त हातापायांच्या धमन्यांच्या इजेसाठी आहे, तीही स्वतःची शीर वापरणे शक्य नसेल तेव्हा.