'सेव्हन'मधला काळोख आला कुठून?

डेव्हिड फिंचरच्या 'सेव्हन'मधला (१९९५) खुनी आपली कामं करताना पडद्यावर दिसत नाही. पोलीस पोहोचतात तेव्हा सगळं उरकलेलं असतं. आपल्याला दिसतो टॉर्चचा झोत आणि त्याच्या कडेला दाटलेला काळोख. हा काळोख नुसते दिवे मालवून मिळत नाही. त्यासाठी फिल्ममध्ये चांदी शिल्लक ठेवावी लागली, आणि ती मुळात गेली कुठे होती हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

मनातला अंधार पडद्यावर आणण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न जर्मनीतला. १९२०च्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'मध्ये वाकड्या भिंती, तिरक्या खिडक्या आणि सावल्यासुद्धा कापडावर चक्क रंगवल्या होत्या. बिथरलेल्या मनाला जग जसं दिसेल तसा सेट. पण रंगवलेली सावली हलत नाही, ही त्यातली मेख. १९३१ साली फ्रित्स लांगच्या 'एम'मध्ये सावली हलायला लागली: मुलांच्या खुन्याला पकडण्यासाठी बक्षीस जाहीर करणाऱ्या भित्तिपत्रकावरच त्या खुन्याची सावली येऊन पडते. चेहरा नंतर.

हे वारं आपल्याकडेही आलं. जर्मनीला जाऊन आलेल्या व्ही. शांताराम यांनी 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरूचा एक डोळा टेलिफोटो लेन्सने पडदाभर दाखवला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये तर म्युनिकचे योसेफ विर्शिंग हेच कॅमेरा सांभाळत होते. कमाल अमरोहींच्या 'महल'मधले (१९४९) झुलते कंदील आणि अर्धे उजळलेले चेहरे त्यांचे. 'आयेगा आनेवाला'चा आवाज दुरून जवळ येतो, कारण लता मंगेशकर माइकपासून लांब उभं राहून गात गात पुढे आल्या होत्या. अंधार कानांनाही ऐकू यावा लागतो, हे त्या युनिटला पक्कं कळलं होतं.

हे सगळे सिनेमे कृष्णधवल होते आणि कृष्णधवल फिल्मवरचा काळा रंग म्हणजे प्रत्यक्ष धातुरूप चांदीचे कण. रंगीत फिल्म आली आणि इथेच घोटाळा झाला. सुरुवातीच्या तीन-पट्टी टेक्निकलरची (तीन वेगळ्या फिल्मपट्ट्यांवर रंग टिपणाऱ्या पद्धतीची) उजेडाबद्दलची संवेदनशीलता इतकी कमी होती की सेट दिव्यांनी अक्षरशः भाजून निघे. तिथे काळोख परवडणार कसा? पुढे फिल्म सुधारली, तरी काळा रंग फिकाच राहिला. रंगीत फिल्म डेव्हलपरमध्ये जाते तेव्हा चांदीची प्रतिमा आणि तिच्याबरोबर निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्यांची प्रतिमा तयार होते. मग ब्लीच त्या चांदीचं पुन्हा क्षारात रूपांतर करतं आणि फिक्सर तो क्षार धुऊन नेतो. उरतात फक्त रंगद्रव्यं. तीन रंगांच्या मिश्रणातून येणारा काळा चांदीइतका घट्ट नसतो.

कमी एक्स्पोजर देऊन, म्हणजे फिल्मवर कमी उजेड पडू देऊन पाहा, असं कुणी म्हणेल. छायाचित्रणकार गॉर्डन विलिस यांनी 'क्लूट'मध्ये (१९७१) ते धाडस केलं आणि निभावलंही. पण अंदाज चुकला तर निगेटिव्ह (कॅमेऱ्यातली मूळ, उजेड-अंधार उलटे असलेली फिल्म) विरळ येते. ती सावरायला प्रिंट (थिएटरात दाखवायची प्रत) उजळ काढली की काळ्याचा दुधट करडा होतो आणि फिल्मचे दाणे वळवळायला लागतात.

दुसरा मार्ग जपानमधून आला. कोन इचिकावांच्या १९६०च्या 'ओतोतो'साठी छायाचित्रणकार काझुओ मियागावा यांनी ब्लीचची पायरीच गाळली. चांदी जागेवर राहिली, म्हणजे रंगीत चित्रावर एक कृष्णधवल चित्र चढलं. रंग उतरले, काळे गडद झाले. पुढे इटालियन छायाचित्रणकार व्हित्तोरिओ स्तोरारो यांच्यासाठी रोमच्या टेक्निकलर लॅबने 'ईएनआर' पद्धत काढली. तिच्यात ब्लीचनंतर, फिक्सरच्या आधी, कृष्णधवल डेव्हलपरची एक जादा धुलाई असते, त्यामुळे चांदी किती ठेवायची हे कमी-जास्त करता येतं.

चांदी निगेटिव्हवर ठेवायची की प्रिंटवर, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. निगेटिव्हमध्ये चांदी उजेडाच्या भागात जास्त असते, म्हणून तिथे ठेवली तर खिडक्या आणि कपाळं पांढरीफटक पडतात. प्रिंटमध्ये ती सावल्यांत असते, म्हणून काळे घट्ट होतात. 'सेव्हन'चे छायाचित्रणकार दारियुस खोंजी यांनी प्रिंटचा मार्ग धरला, डीलक्स लॅबच्या 'सीसीई' या चांदी राखणाऱ्या प्रक्रियेचा. पण एवढ्या कॉन्ट्रास्टमध्ये सावल्यांमधला तपशील बुडतो. त्यावर उतारा म्हणून कॅमेऱ्यावर पॅनाफ्लॅशर बसवून निगेटिव्हला आधीच किंचित उजेड दाखवला गेला. एका हाताने सावल्या उचलायच्या, दुसऱ्या हाताने काळा दाबायचा. म्हणून त्या खोल्यांमध्ये भिंतीवरची ओल दिसते आणि कोपरा मात्र दिसत नाही.

प्रिंटवरची ही प्रक्रिया प्रत्येक प्रिंटवर वेगळी करावी लागते, शिवाय धुतलेल्या चांदीतून लॅबला मिळणारे पैसेही जातात. साहजिकच अशा प्रिंटा थोड्याच निघाल्या. बहुतेक थिएटरांत साधी प्रिंट गेली, आणि अनेकांनी 'सेव्हन' पाहिला तो फिका 'सेव्हन'.

घरी पाहताना नुकसान वेगळ्या वाटेने होतं. दिसत नाही म्हणून टीव्हीचं ब्राइटनेस वाढवलं की काळा करडा होतो. त्याऐवजी खोलीतला दिवा बंद करा. 'व्हिव्हिड' मोड सोडून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट व मोशन स्मूदिंग बंद ठेवा. कमी बिटरेटच्या (दर सेकंदाला कमी डेटा येणाऱ्या) स्ट्रीमिंगमध्ये काळोखाचे चौकोनी ठोकळे दिसतात, तो सेटिंगचा दोष नव्हे, तिथे डिस्कच बरी. फिंचरच्या देखरेखीखाली झालेली फोर-के आवृत्ती २०२५च्या जानेवारीत आली.