पायदळ बटालियन (पलटण)

पायदळ बटालियन : भूसेनेतील पायदळाचे मूलभूत लढाऊ दल. एका कमान अधिकाऱ्याच्या (कमांडिंग ऑफिसर, ‘सीओ’) हुकमाखाली लढणारे आणि आपला शिधा, दारूगोळा, वाहने, संदेशवहन व शिस्त यांचा कारभार स्वतःच पाहणारे हे पायदळातील सर्वांत लहान दल होय. भारतीय सैनिक तिला ‘पलटण’ म्हणतात. सर्वसाधारणपणे तीन बटालियनांची एक ब्रिगेड होते. प्रस्तुत नोंद भारतीय भूसेनेपुरती मर्यादित असून उदाहरणे मुख्यतः मराठा लाइट इन्फन्ट्री या रेजिमेंटमधील आहेत.

उगम : भारतात कवायती पायदळाची बटालियन प्रथम कोणी उभी केली, याविषयी एकमत नाही. फ्रेंचांनी १७४० च्या दशकात दक्षिणेत हिंदी शिपायांना यूरोपीय कवायत शिकवली. पण ते शिपाई दीर्घकाळ सुट्या कंपन्यांमध्येच विभागलेले होते. रॉबर्ट क्लाइव्हने १७५७ मध्ये बंगालमध्ये उभारलेली ‘लाल पलटण’ आणि मद्रास येथे स्ट्रिंगर लॉरेन्सच्या देखरेखीखाली १७५८–५९ च्या सुमारास कंपन्या एकत्र करून बनवलेल्या बटालियन, हे इंग्रजी बाजूचे दोन प्रमुख दावे होत. स्वतंत्र कंपन्या एकत्र आणून त्यांना एक निशाण आणि एक प्रमुख देणे हीच बटालियनची खूण मानली, तर मद्रासचा प्रयोग अधिक पद्धतशीर ठरतो. केवळ कालक्रम पाहिला, तर बंगालचा दावा सरस आहे.

मराठी वाचकाला या चर्चेत गारद्यांचा उल्लेख अपेक्षित असतो आणि तो योग्यच आहे. मुजफ्फरखान व इब्राहिमखान हे गारदी सरदार फ्रेंच सेनानी ब्यूसीच्या पद्धतीत तयार झालेले होते. इब्राहिमखानाचे पायदळ पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) शिस्तीने लढले. त्याची संख्या सामान्यतः आठ ते दहा हजारांच्या दरम्यान धरतात. मात्र गारद्यांची निष्ठा व पगार हे दोन्ही सरदाराशी बांधलेले होते. सरदार बदलला तरी टिकून राहणारी, क्रमांकाने ओळखली जाणारी पलटण अशी त्यांची रचना दिसत नाही. ती महादजी शिंदे यांच्या सेवेत बन्वा द ब्वान्य याने १७८४ पासून उभारलेल्या कंपूंमध्ये (अनेक पलटणींच्या ब्रिगेडींमध्ये) स्पष्ट दिसते. घोडदळ मागे सारून कंपूंवर विसंबल्याने मराठ्यांचे नुकसान झाले, असे मत एकोणिसाव्या शतकापासून मांडले जाते. १८०३ मध्ये असई व लासवारी येथे या पलटणींनी दिलेली झुंज पाहता ते मत जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. दोष पलटणींपेक्षा अधिकाऱ्यांच्या नेमणुकीत होता, हे अधिक संभवनीय वाटते. कारण युद्धाच्या तोंडावर शिंद्यांचे बरेच यूरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले.

मुंबई इलाख्यातील ज्येष्ठता : मुंबईत शिपायांच्या बटालियन त्यामानाने उशिरा बनल्या. ऑगस्ट १७६८ मध्ये उभी राहिलेली ‘मुंबई शिपायांची दुसरी बटालियन’ म्हणजे आजची पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजेच ‘जंगी पलटण’. तिच्या पाठोपाठ आलेल्या तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे आजच्या दुसऱ्या मराठाचे, स्थापनावर्ष कुठे १७६८ तर कुठे १७६९ दिले जाते. मंजुरीचा हुकूम आणि प्रत्यक्ष भरती यांत काही महिन्यांचे अंतर असल्यास असा फरक पडू शकतो; त्यामुळे हा वाद फार ताणण्यात अर्थ नाही.

क्रमांकांचा गुंता मात्र उलगडावा लागतो, कारण पलटणीची ओळख त्यात अडकलेली आहे. १७९६ मध्ये दोन-दोन बटालियनांची एक रेजिमेंट करण्यात आली. १८२४ मध्ये त्या पुन्हा सुट्या केल्या आणि प्रत्येक रेजिमेंट एका बटालियनची झाली. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत मुंबईच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले : तिसरीची १०३ वी, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी. १९२२ मध्ये या सर्व पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एका रेजिमेंटच्या छत्राखाली आल्या. याचा अर्थ असा, की जवळजवळ शंभर वर्षे पलटण हीच रेजिमेंट होती आणि आजची रेजिमेंट ही तिच्यापेक्षा वयाने बरीच लहान आहे. सैनिक आधी पलटणीचे नाव सांगतो आणि मग रेजिमेंटचे, याचे मूळ येथे शोधले पाहिजे. दुसऱ्या मराठाचे ‘काली पाँचवीं’ हे नाव पाचव्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची आठवण जपते. तो क्रमांक कागदावरून जाऊन शतक उलटले आहे. याच पलटणीला बलुचिस्तानातील काहान या ठाण्याच्या १८४० मधील बचावानंतर ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला.

पलटणीचे सातत्य माणसांवर अवलंबून नसते, हे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (इराक) कूत-अल-अमारा येथे दिसून आले. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही मराठा पलटणी तेथे वेढ्यात सापडल्या व २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर कैदेत गेल्या. नव्या माणसांतून त्या पुन्हा उभ्या केल्या गेल्या. स्थापनावर्ष आणि मानचिन्हे जुनीच राहिली. ११७ वीला पुढे ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली.

रचना : एका पलटणीत सुमारे आठशे सैनिक असतात. चार रायफल कंपन्या, एक सपोर्ट कंपनी व एक हेडक्वार्टर कंपनी अशी तिची घडण आहे. रायफल कंपनीत तीन प्लॅटून, प्लॅटूनमध्ये तीन सेक्शन आणि सेक्शनमध्ये दहा जवान असतात. ८१ मिमी. मॉर्टर व रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे सपोर्ट कंपनीकडे असतात. निवडक जवानांच्या ‘घातक’ प्लॅटूनला हे नाव जनरल बिपिनचंद्र जोशी यांनी दिले.

कार्य : आक्रमणात शत्रूला भिडून भूभाग जिंकणे व संरक्षणात तो धरून ठेवणे, हे पायदळाचे काम इतर कोणतेही दल करू शकत नाही. तोफखाना व विमाने शत्रूला हादरवतात. खंदकात उतरून तो ताब्यात घेणारा मात्र पायदळाचा जवानच असतो.

कमान अधिकारी : कमान अधिकाऱ्याचा हुद्दा इतिहासात स्थिर नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात पलटणीची कमान पुष्कळदा कॅप्टनकडे असे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेल्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या बटालियनचा प्रमुख फ्रान्सिस स्टाँटन हा कॅप्टनच होता. आरंभीच्या काळात हिंदी ‘कमांडंट’ही आढळतात, मद्रासकडील मुहम्मद यूसुफखान हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले नाव. पुढे हे पद बंद पडले आणि हिंदी माणसाची मजल सुभेदार मेजरपर्यंतच राहिली. १९७१ च्या युद्धात पलटणींचे कमान अधिकारी लेफ्टनंट कर्नल होते. आज कर्नल असतात. निवड मंडळाने पसंत केलेल्या अधिकाऱ्याला साधारणपणे दोन ते अडीच वर्षे कमान मिळते.

हिंदी अधिकाऱ्यांकडे पलटणींची कमान येण्याचा मार्ग १९२३ मध्ये जाहीर झालेल्या आठ दलांच्या भारतीयीकरण योजनेतून खुला झाला. त्या आठांत ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ रेजिमेंटची पाचवी (रॉयल) बटालियन होती. ही योजना हिंदी अधिकाऱ्यांना ठरावीक दलांपुरते कोंडून ठेवण्यासाठी होती, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्त होता. दुसऱ्या महायुद्धात ही कोंडी फुटली. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : को. सु. थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडील शं. पां. पा. थोरात. दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन घेऊन थोरातांनी ‘मेलरोज’ ही टेकडी जिंकली. तिघांनाही डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा सन्मान मिळाला. हिंदी अधिकारी पलटण लढवू शकेल काय, हा प्रश्न त्यानंतर कोणी गंभीरपणे विचारल्याचे दिसत नाही.

शिस्तविषयक अधिकार : कमान अधिकाऱ्याचे वेगळेपण सर्वांत ठळकपणे कायद्यात दिसते. भूसेना अधिनियम, १९५० च्या कलम ८० नुसार तो अधिकारी किंवा जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) नसलेल्या सैनिकाला खटल्याशिवाय अठ्ठावीस दिवसांपर्यंत लष्करी कोठडी, लाइनबंदी (बराकीचा परिसर सोडण्यास मनाई), जादा पहारे, ताकीद किंवा दंड अशा शिक्षा देऊ शकतो. कलम ११६ प्रमाणे संक्षिप्त सेना न्यायालय (समरी कोर्ट मार्शल) म्हणजे एकटा कमान अधिकारी. दोन अधिकारी किंवा जेसीओ सुनावणीला अखेरपर्यंत हजर राहतात, पण त्यांना शपथ दिली जात नाही आणि निकालात त्यांचा भाग नसतो. न्यायाधीश लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल तर एक वर्षापर्यंत, खालचा असेल तर तीन महिन्यांपर्यंत कारावास देता येतो. एरवी शिक्षेला वरिष्ठांच्या पुष्टीची गरज नसते; ती लगेच अमलात येते. कागदपत्रे मात्र ब्रिगेड वा डिव्हिजनच्या प्रमुखाकडे जातात आणि तो गुणदोषांवरून निकाल रद्द करू शकतो. बंडासारखे काही गुन्हे तातडीचे कारण नसल्यास वरिष्ठांना विचारल्यावाचून या न्यायालयापुढे आणता येत नाहीत.

या तरतुदीचे मूळ १८५७ नंतरच्या चर्चेत शोधतात. बंगाल सेनेत शिक्षेचे व बढतीचे अधिकार वर खेचले गेल्यामुळे कमान अधिकारी नामधारी उरला व शिपायांवरील त्याचा वचक गेला. मुंबई सेनेत तसे न झाल्याने ती बव्हंशी शांत राहिली, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. परंतु मुंबईच्या काही पलटणींतही, विशेषतः कोल्हापूर येथे, उठाव झाला होता. त्यामुळे केवळ अधिकारांच्या फरकावरून सगळे स्पष्टीकरण देता येणार नाही. संक्षिप्त न्यायालय हा अपवाद असावा, नियम नव्हे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घेतली. तक्रार करणारा, तपास करविणारा व शिक्षा देणारा एकाच व्यक्तीत एकवटण्याचा धोका पाहता ही भूमिका योग्य वाटते.

दैनंदिन कारभार : उपप्रमुख (‘टूआयसी’), अ‍ॅड्ज्युटंट, क्वार्टरमास्टर आणि सुभेदार मेजर हे कमान अधिकाऱ्याचे जवळचे सहकारी. जवानांच्या घरच्या अडचणी सुभेदार मेजर साहेबांमार्फत ‘सीओ साहेबां’पर्यंत पोहोचतात. दरबारात, म्हणजे पलटणीच्या सभेत, जवान त्या थेटही मांडू शकतो.

रणांगणावरील कमान : चढाईत कमान अधिकाऱ्याची जागा कुठे असावी, याचे एकच उत्तर नाही. पहिल्या शीख पलटणीचे लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय २७ ऑक्टोबर १९४७ रोजी आपल्या जवानांसह श्रीनगरला उतरले आणि त्याच दिवशी बारामुल्ल्याच्या आघाडीवर धारातीर्थी पडले. पलटण पूर्ण पोहोचण्याआधीच प्रमुख पुढे गेला, ही टीका नंतर झाली. परंतु शत्रू कुठे आहे याची काहीच कल्पना नसताना मागे थांबून निर्णय घेणे त्यांना शक्य होते, असे वाटत नाही. याउलट डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील (आता बांगलादेश) जमालपूर येथे जंगी पलटणीचे लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांनी शत्रूच्या पिछाडीस रस्ता अडवून वाट पाहिली. शरण येण्याविषयी ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी पाठवलेल्या पत्राला पाकिस्तानच्या एकतिसाव्या बलुच पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी पत्रासोबत बंदुकीची गोळी पाठवून उत्तर दिले. १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटणीने वेढा फोडण्याचा प्रयत्न केला आणि तो मराठ्यांनी मोडून काढला. पुढे टांगाइल येथे जंगी पलटण छत्रीधारी दुसऱ्या पॅराशूट पलटणीला जाऊन मिळाली. ती पलटणही मुळात तिसरी मराठा, म्हणजे जुनी ११० वी, हे विशेष. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू होते.

अन्य प्रकार : १९९० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनमध्ये सहा रायफल कंपन्या असतात आणि निम्मे जवान एका मूळ रेजिमेंटमधून येतात, बाकीचे इतर शाखांतून. एक्केचाळिसावी राष्ट्रीय रायफल्स मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न आहे. तिचे कमान अधिकारी, सातारा जिल्ह्यातील कर्नल संतोष महाडिक, १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा जिल्ह्यात अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांची मूळ पलटण एकविसावी पॅरा ही होती. पायदळ बटालियनांना ड्रोन प्लॅटून जोडण्याचे काम २०२५ पासून सुरू झाले आहे.