तोंडातली पांढरी जाळी: लायकेन प्लॅनस असलेल्या आमच्या रुग्णांसाठी

गालाच्या आत पांढऱ्या रेघांची बारीक जाळी दिसली आणि आम्ही ‘लायकेन प्लॅनस’ असं नाव घेतलं, की बहुतेक जण घाबरून विचारतात, “डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?” नाही. हा संसर्गही नाही. एका ताटात जेवल्याने तो घरच्यांना लागत नाही.

आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या पेशी तोंडाच्या अस्तरावर हल्ला करतात आणि तिथे दाह टिकून राहतो. चाळिशीनंतर, त्यातही बायकांमध्ये, हा आजार जास्त दिसतो. नुसती जाळी असेल तर फारसं काही जाणवत नाही. जागा लाल होऊन सोलवटली, की मात्र ठेचा सोडाच, गरम चहाही झोंबतो. हिरड्या दुखतात म्हणून ब्रश करणं सोडू नका. कीटण साचलं की दाह आणखी वाढतो.

बीपीच्या किंवा सांधेदुखीच्या काही गोळ्यांमुळे, दाढेत भरलेल्या चांदीमुळेही असेच चट्टे उठतात. म्हणून येताना चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या, पण मनाने गोळी बंद करू नका. शंका असेल तर आम्ही छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती अगदी मनातून काढून टाका. या भीतीपायी निदान लांबतं, आणि खरा धोका तोच आहे.

आता कॅन्सरविषयी स्पष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटना या आजाराची गणना पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या विकारांत करते. बऱ्याच वर्षांच्या काळात साधारण 100 पैकी एखाद्या रुग्णात तसं घडतं. व्रण किंवा लाल चट्टे असतील, जागा जिभेवर असेल, तंबाखू, दारू किंवा हिपॅटायटिस सी असेल, तर धोका वाढतो. मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. आईपासूनची सवय असली तरी ती सोडायलाच हवी. त्यासाठी लागेल ती मदत आम्ही करू.

स्टिरॉइडचं मलम जागा कोरडी करून लावा आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. मलमाने दाह आटोक्यात येतो, आजार मुळापासून जात नाही. त्यामुळे दुखणं थांबलं तरी दर 6 महिन्यांनी दाखवायला या. दर वेळी आम्ही जागेचा फोटो काढून आधीच्या फोटोशी ताडून पाहतो. मध्येच गाठ लागली, जागा कडक झाली किंवा 2 आठवड्यांत व्रण भरला नाही, तर तारखेची वाट न पाहता लगेच या.